पोटमाळ्यावर कोणता मॉनिटर: टीएन, व्हीए, आयपीएस की ओएलईडी?

आमच्या मुंबईतल्या डिलाइल रोडच्या खोलीत पोटमाळा आहे. भावाला तिथं मान वाकवल्याशिवाय उभं राहता येत नाही, पण बसायला जागा ऐसपैस. सतरंजी, लोडासारखी एक जाड उशी, गुडघ्याएवढ्या उंचीचं टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत ते टेबल माझं. मी डीटीपीची कामं घेते. मराठी पुस्तकांची पानं लावते, प्रुफांतल्या दुरुस्त्या घालते. रात्री साडेदहाला खाली आई आडवी झाली की ट्यूब बंद होते आणि त्याच टेबलावर आम्ही दोघं आळीपाळीने खेळतो. भाऊ व्हॅलोरंटवाला, म्हणजे झटपट गोळीबाराच्या ऑनलाइन गेमचा. मला अंधारे किल्ले, गुहा, पडकी देवळं असलेले गेम आवडतात, जिथं घाई नसते आणि कोपऱ्यात काय दडलंय ते नीट बघावं लागतं.

या एकाच टेबलावर गेल्या सहा वर्षांत तीन जातींचे मॉनिटर झाले: आधी टीएन, मग व्हीए आणि आता आयपीएस. चौथी जात ओएलईडी, ती दुकानात उभी राहून डोळे भरून बघितली. मॉनिटरची कंपनी मी लिहीत नाही. एकाच कंपनीत या सगळ्या जाती मिळतात, आणि पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, बदललं की मॉनिटरचा स्वभाव बदलतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात हर्ट्झ असतात, म्हणजे सेकंदाला किती चित्रं; मिलिसेकंद असतात, म्हणजे चित्र किती चटकन बदलतं ते. पॅनेल कोणतं ते बारीक अक्षरात कुठेतरी कडेला. माझ्या मते आधी तेच शोधावं.

पहिला मॉनिटर भावाच्या मित्राकडून जुना घेतलेला, २४ इंची, १४४ हर्ट्झचा टीएन. भाऊ खुशीत. समोर ताठ बसलं तर चित्र चांगलं दिसायचं, हलणारी माणसं स्वच्छ दिसायची. पण पोटमाळ्यावर ताठ कोण बसतं? अर्ध्या तासात पाठ उशीला टेकते, माणूस घसरत खाली येतो आणि डोळे स्क्रीनच्या खालच्या कडेशी येतात. टीएन खालून बघितलं की चित्र काळवंडतं, आणि आणखी खालून बघितलं तर उजेड-अंधार उलटेपालटे होतात. आई कधी शिडीच्या वरच्या पायरीवरून डोकं वर काढायची, चहाचा कप माळ्याच्या फळीवर सरकवायची आणि विचारायची, "अगं, ही माणसं अशी भुतासारखी का दिसतायत?" तिला खरोखर फोटोच्या निगेटिव्हसारखे चेहरे दिसत होते. मी वर बसून तोच चेहरा व्यवस्थित बघत होते.

असं का होतं ते एकदा समजून घेतलं की पुढची सगळी निवड सोपी जाते. एलसीडी मॉनिटरमध्ये मागे दिवा कायम लागलेला असतो. पुढे लिक्विड क्रिस्टलचे अतिसूक्ष्म कण असतात, ते झडपांच्या खिडकीतल्या पट्ट्यांसारखं काम करतात. किती उजेड पुढे सोडायचा ते ठरवतात. टीएनमध्ये हे कण गोल जिन्यासारखे पीळ घेऊन रचलेले असतात आणि वीज मिळाली की पीळ सोडून उभे होतात. अर्धवट उभ्या झालेल्या पट्टीतून समोरून एक दिसतं, खालून वेगळंच. ही रचना १९७० सालची. नेमक्या याच दुखण्यावर उपाय म्हणून आयपीएस आलं. हिताचीने ते १९९६ मध्ये बाजारात आणलं. त्यात कण उभे होत नाहीत, जात्याच्या पाळीसारखे पडल्या जागी फिरतात. त्यामुळे वरून, खालून, बाजूने बघा, रंग जवळपास तेच राहतात. टीएन आता साध्या दुकानात फारसं दिसतही नाही. स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या अतिवेगवान मॉनिटरमध्ये आणि अगदी स्वस्तातल्या मालात तेवढं उरलंय. जुना कोणी स्वस्तात देत असेल तर आधी त्याच्यापुढे जमिनीवर बसून बघा.

टीएननंतर मी व्हीए घेतला. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण माझे पैसे तिथं अडकले आणि आजही सगळ्यात जास्त लोक तिथंच फसतात.

दिवाळीच्या सेलमध्ये एका दुकानातून घेतला. २७ इंची, वक्र, १६५ हर्ट्झ. विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, एक मिलिसेकंद आहे, बिनधास्त घ्या." पहिल्या रात्री मी दिवा बंद करून गुहेत शिरले आणि खरंच हरखले. काळा म्हणजे काळा. व्हीएमध्ये वीज नसताना कण पडद्याला काटकोनात उभे असतात आणि मागचा उजेड जवळपास पूर्ण अडवतात. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरं काळ्याच्या किती पट उजळ ते, हजारास एक; व्हीएचा तीन हजारास एक किंवा त्याहून जास्त. तीनपट म्हणजे काय, ते अंधाऱ्या खोलीत कळतं. मशालीच्या उजेडापलीकडची भिंत आयपीएसवर राखाडी धुक्यासारखी दिसते, व्हीएवर तिथं काळोखच असतो.

मग भावाने माउस हातात घेतला. पाच मिनिटांत म्हणाला, "ताई, हे बघ." सावलीत उभा असलेला माणूस सरकला की त्याच्या मागे काळपट फराटा ओढला जायचा. मी प्रेसमध्ये वाढलेली. मला ते ओल्या शाईच्या छपाईवरून बोट फिरल्यासारखं दिसलं. उजेडातली हालचाल ठीक, पांढऱ्या भिंतीपुढचा माणूस ठीक. काळ्यातून गडद करड्यात जाताना मात्र हमखास फराटा. त्याचं कारण असं: पूर्ण काळ्यातून किंचित उजळ व्हायचं तर कणांना अगदी थोडी वीज मिळते, आणि त्या थोड्या रेट्याने ते हळू हलतात. १६५ हर्ट्झला एक चित्र साधारण ६ मिलिसेकंद टिकतं. साध्या व्हीएला असा गडद बदल करायला २० मिलिसेकंदांच्याही पुढे लागू शकतात. म्हणजे पुढची तीन चित्रं येऊन गेली तरी मागचं पुसलं गेलेलं नसतं. खोक्यावरचा एक मिलिसेकंद खोटा नव्हता, पण तो एमपीआरटीचा आकडा होता. बॅकलाइट, म्हणजे मागचा दिवा, झटपट चालू-बंद करून डोळ्याला कमी पुसट दिसावं, त्या युक्तीतून तो येतो. कण किती वेगाने वळतात ते मोजणारा आकडा जीटीजी म्हणून लिहितात, आणि तोही कंपनी आपल्या सोयीच्या दोन छटा निवडून देते. त्यामुळे दोन्ही आकडे वाचावेत, पण त्यांच्या भरवशावर पैसे टाकू नयेत.

दिवसा दुसरंच दुखणं. पुस्तकात चौकटीतल्या मजकुरामागे मी दहा टक्के करडी छटा देते. व्हीएवर पानाच्या मधली चौकट आणि डाव्या कडेची चौकट एका छटेची दिसेना. मी मान डावीकडे नेली की डावी ठीक, उजवी फिकी. २७ इंची पडदा दोन फुटांवर असला की डोळा मधोमध असूनही कडेला तिरकं बघत असतो, आणि व्हीएवरची छटा तिरकी बघितली की फिकी पडते. त्यात वक्र पडदा. समासाची सरळ रेघ मला दिवसभर धनुष्यासारखी दिसायची. खेळताना हा वाक जाणवतही नाही, पण पानं लावणाऱ्याने वक्र घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुकानात परत गेले तर म्हणाले, यात बिघाड नाही, हे पॅनेलच असं असतं. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. माझी तक्रार एवढीच की हेच वाक्य पैसे देण्याआधी सांगायला हवं होतं. पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी तो मॉनिटर ओळखीच्या एका बाइंडरना साडेतीन हजार कमी घेऊन दिला. ते रात्री जेवण झाल्यावर दिवा मालवून, पलंगावर समोरासमोर बसून सिनेमे आणि फुटबॉल बघतात. आजही भेटले की म्हणतात, "काय चित्र आहे ताई!" त्यांच्या खोलीत, त्यांच्या सवयीला व्हीएच योग्य आहे. एकटा माणूस, समोर बसणारा, अंधारात खेळणारा, हळू गेमचा शौकीन, त्याला मी आजही आधी व्हीए बघायला सांगेन.

तिसऱ्या खेपेला मात्र मी तयारीने लॅमिंग्टन रोडला, कॉम्प्युटरच्या दुकानांच्या रस्त्याला, गेले. कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण तसं म्हटलं तर टॅक्सीवालाही क्षणभर विचारात पडतो. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं, पाच-सात मिनिटं चालायचं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मंगळवारी दुपारी गेले, तेव्हा गर्दी कमी असते आणि दुकानदार बोलायला मोकळे असतात. पेनड्राइव्हवर चार गोष्टी नेल्या होत्या: संपूर्ण काळं एक पान, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या करड्या पट्ट्या, माझ्या एका पुस्तकाचं दहा पॉइंटमधलं पान, आणि माझ्याच गेममधून रेकॉर्ड केलेला गुहेचा एक मिनिटाचा तुकडा. दोन दुकानांत "डेमोला हात लावायचा नाही" हे ऐकलं. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी स्वतः पेनड्राइव्ह लावून दिला आणि स्टूलही दिलं. मी म्हटलं, "काका, मी खाली बसून बघू का?" त्यांनी कारण विचारलं, पोटमाळ्याचं सांगितल्यावर लगेच म्हणाले, "मग बसाच, घरी तसंच बघणार ना तुम्ही." त्यांच्याकडून मॉनिटर घेण्याचं निम्मं कारण ते एक वाक्य.

तिथंच ओएलईडी बघितला. यात मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. आमच्या गल्लीत गणपतीत माळा लागतात, त्यातला प्रत्येक बल्ब वेगळा चालवता आला तर जसं होईल तसं. काळं पान लावलं तर मॉनिटर बंद आहे असं वाटलं. गुहेतला तुकडा मी तीनदा लावला. फराटा नावालाही नाही, मशालीची ठिणगी टोचावी इतकी स्वच्छ. मी तिथं बराच वेळ उभी होते, आणि घ्यावासा वाटला हे मान्य करायला मला काही संकोच नाही.

मग माझं पुस्तकाचं पान उघडलं. तो मॉनिटर क्यूडी-ओएलईडी जातीचा होता. त्यात एका ठिपक्यातले तांबडा, हिरवा, निळा हे तीन भाग शेजारी-शेजारी उभे नसतात, त्रिकोणात मांडलेले असतात; हिरवा वर आणि बाकी दोन खाली. म्हणून आडव्या कडांना एका बाजूला हिरवट आणि दुसऱ्या बाजूला गुलाबीसर किनार दिसते. इंग्रजी अक्षरांत आडव्या रेघा थोड्याच, तिथं डोळा पटकन धरत नाही. आपल्या लिपीत तर ओळच्या ओळ शिरोरेषेला टांगलेली! पानभर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर ती बारीक रंगीत किनार. मी नाक पडद्याला लावून बघितलं, मग दोन फुटांवरून बघितलं. दोन फुटांवर किनार वेगळी दिसत नव्हती, पण शिरोरेषा थोडी मऊ, कडा विरलेल्या वाटत होत्या. दिवसाला साठ पानं डोळ्यांखालून जाणाऱ्या बाईला ते चालणार नाही. जास्त बारीक ठिपक्यांच्या ४के पडद्यावर हे कमी जाणवतं, पण त्याची किंमत माझ्या हिशेबाबाहेर.

दुसरी अडचण बर्न-इनची. माझ्या पडद्यावर इनडिझाइनची, पानं लावायच्या सॉफ्टवेअरची, तीच टूलबार, त्याच जागी, रोज आठ तास. ओएलईडीचे ठिपके जळण्याच्या प्रमाणात झिजतात. एकच चित्र वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलं तर त्याची पुसट खूण कायमची राहू शकते. कंपन्या आता यावर वॉरंटी देतात, पिक्सेल साफ करण्याची सोयही आत असते. फक्त खेळण्यासाठी आणि सिनेमासाठी घेणाऱ्याने एवढं घाबरायचं कारण नाही. आणि खोलीत भरदिवसा उजेड असेल तर दुकानातच खात्री करा: क्यूडी-ओएलईडीचा काळा रंग ट्यूबलाइटखाली किंचित जांभळट-करडा दिसतो. दिवा मालवला की तोच काळा पुन्हा अस्सल होतो. २७ इंचीची सांगितलेली किंमत पन्नास हजारांच्या वर होती, त्यामुळे पुढचं बोलणंच खुंटलं.

घेतला तो २७ इंची, सपाट, २५६० बाय १४४० ठिपक्यांचा, १८० हर्ट्झचा आयपीएस. १८ टक्के जीएसटी धरून १९,५०० रुपये, पक्कं बिल. सीलबंद खोका पैसे दिल्यावर काकांनी समोर उघडला आणि काळं, पांढरं, तांबडं, हिरवं, निळं अशी पानं लावून मेलेला ठिपका नाही ना ते दाखवलं. घरी आणायला काळी-पिवळी केली. खोका मागच्या सीटवर उभा ठेवला, आडवा टाकू दिला नाही.

आता सहा महिने झाले. दहा पॉइंटमधलं पान बघायला हा पडदा सुखाचा आहे. २७ इंचात १९२० बाय १०८० घेतलं तर इंचाला साधारण ८२ ठिपके पडतात, यात १०९. अनुस्वार आणि रफार वेगळे कळायला हा फरक मोठा आहे. ठिपके मात्र पावणेदोन पट झाले, म्हणजे ग्राफिक कार्डावर बोजाही तेवढा वाढतो. भावाच्या जुन्या कार्डाला व्हॅलोरंट जड जात नाही, माझ्या गेमला सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली आणावी लागली. करडी चौकट पानभर एकाच छटेची दिसते. उशीला टेकून घसरलं तरी चित्र तेच. भाऊ म्हणतो, फराटा गेला. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे कणांना जास्त जोर देऊन चटकन वळवायची सेटिंग, मधल्या पायरीवर ठेवलाय. सगळ्यात वरच्या पायरीवर कण गरजेपेक्षा जास्त वळतात आणि हलत्या वस्तूमागे उलट पांढरी कडा उमटते. खोक्यावर एचडीआर (एकाच चित्रात जास्त उजळ आणि जास्त गडद दाखवायची सोय) लिहिलंय, पण बॅकलाइट सगळ्या पडद्याला एकच असल्यामुळे त्याचा उपयोग नाही, बंद ठेवलं. केबल डिस्प्लेपोर्टची लावा, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १८० निवडा. बऱ्याच जणांचा मॉनिटर महिनोन्महिने ६० वर चाललेला असतो.

दोष आहेच, तो लपवत नाही. ट्यूब बंद करून गुहेत शिरलं की पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पिवळसर धुरासारखा उजेड दिसतो. आयपीएस ग्लो म्हणतात तो हाच. प्रत्येक आयपीएसला कमी-जास्त असतो. तिरकं बघितलं की वाढतो, मागे सरकलं की कमी होतो. पहिल्या आठवड्यात मला त्या कोपऱ्याशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं. मग ब्राइटनेस २५ वर आणला आणि मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून, झिरोचा बल्ब लावला. मागची भिंत मंद उजळली की डोळ्याची बाहुली थोडी आकसते आणि पडद्यावरचा करडा पुन्हा काळा वाटायला लागतो. ग्लो जात नाही, पण आता शोधला तरच दिसतो. व्हीएच्या त्या पहिल्या रात्रीचा काळोख मात्र यात नाही, आणि गुहेच्या तोंडाशी आले की मला त्याची आठवण येते. दिवसाची पानं आणि भावाचा खेळ हे दोन्ही सांभाळायचे तर मी हेच पुन्हा घेईन. पोटमाळा माझा एकटीचा असता आणि काम दुसरं असतं तर वेगळा विचार केला असता.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. किती मेलेले ठिपके असले तर पॅनेल बदलून मिळेल ते वॉरंटीच्या कार्डावर छापलेलं असतं, तेही पैसे देण्याआधी वाचा. आमची वॉरंटी तीन वर्षांची आहे. काकांनी बजावलं होतं की सर्व्हिसला न्यायचा झाला तर मूळ खोका आणि आतल्या पुठ्ठ्याच्या खाचा लागतील, टाकू नका. दहा बाय बाराच्या खोलीत एवढा खोका ठेवायचा कुठे, यावर दोन दिवस चर्चा झाली. सध्या तो कपाटावर आहे आणि आईने त्यात गणपतीचं पुठ्ठ्याचं मखर घडी करून ठेवलंय.